प्रश्न वाचकांचे : टॉवरविना चालणारे जाळे आणि मधेच तुटणारे मार्ग

या अंकासाठी निवडलेली पत्रे एकाच विषयावरची आहेत. मधे टॉवर नाही, मुख्य राउटर नाही. प्रत्येक संच स्वतःचे बोलतो आणि शेजाऱ्याचा निरोपही पुढे ढकलतो, अशा बिनतारी जाळ्याला 'मोबाईल ॲड हॉक नेटवर्क', थोडक्यात 'मॅनेट', म्हणतात. त्यातला प्रत्येक संच म्हणजे नोड, एका नोडवरून दुसऱ्या नोडवर घेतलेली उडी म्हणजे हॉप, आणि कुणाचा निरोप कुणाच्या हातून न्यायचा हे ठरवण्याचे काम म्हणजे राउटिंग. पत्रे जागेअभावी थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : पैठणहून पंढरपूरला जाणाऱ्या नाथांच्या पालखीसोबत आमची दिंडी असते. शेजारच्या दिंड्या धरून आम्ही रस्त्यावर दीड किलोमीटर पसरतो. कुणाला चक्कर आली, पाण्याचा टँकर मागे राहिला, तर पुढे-मागे निरोप जावा म्हणून बारा छोटे वाय-फाय राउटर पॉवर बँकेवर लावले आणि त्यात ओएलएसआर हे राउटिंगचे सॉफ्टवेअर टाकले. मुक्कामावर सगळे नीट चालते. चालायला लागलो की निरोप चौथ्या राउटरपर्यंत जातो, त्यापुढे दहा-पंधरा सेकंद काहीच जात नाही, मग आपोआप सुरू होते. हे चालण्याच्या वेगामुळे होते का?
(दिंडीतले स्वयंसेवक, गेवराई)

उत्तर : वेगाचा दोष फार थोडा. वारकरी ताशी ४ किलोमीटर चालतो, म्हणजे सेकंदाला १.१ मीटर, आणि सगळे एकाच दिशेने चालतात. त्यामुळे दोन राउटरमधले अंतर पंधरा सेकंदांत दोन-चार मीटरही बदलत नाही. बदलतात ती मधली माणसे. तुमचे राउटर बहुधा झोळीत, कमरेच्या उंचीवर आहेत. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्यात शोषला जातो आणि माणसाचे शरीर म्हणजे बहुतांश पाणीच. दोघे वारकरी मधे आले की सिग्नल कित्येक डेसिबल खाली येतो, ते बाजूला झाले की पुन्हा वर जातो. मोकळ्या जागेतसुद्धा ६ डेसिबल गेले की पल्ला निम्मा होतो. मुक्कामावर हेच राउटर तुम्ही राहुटीच्या खांबाला किंवा ट्रकच्या टपावर ठेवत असणार, म्हणून तिथे चालते.

आता ते दहा-पंधरा सेकंद कुठून येतात ते पाहू. ओएलएसआरच्या मूळ दस्तऐवजात, म्हणजे २००३ च्या आरएफसी ३६२६ मध्ये, प्रत्येक नोड दर २ सेकंदांनी 'हॅलो' पाठवतो आणि ६ सेकंद हॅलो आला नाही तर शेजारी गेला असे धरतो. जाळ्याचा नकाशा सांगणारा 'टीसी' संदेश दर ५ सेकंदांनी निघतो आणि १५ सेकंद खरा मानला जातो. यात हिस्टेरेसिस चालू असेल तर आणखी एक भर पडते. हिस्टेरेसिसमध्ये लिंकचा दर्जा ० ते १ या आकड्यात मोजतात. हॅलो चुकला की आकडा निम्मा होतो. आला की आकडा निम्मा करून त्यात ०.५ मिळवतात. ०.३ च्या खाली गेली की लिंक बाद, ०.८ च्या वर आली की पुन्हा मान्य. म्हणजे पूर्ण दर्जाची लिंक दोन हॅलो चुकल्यावर ०.२५ वर येऊन बाद होते आणि परत यायला सलग दोन हॅलो लागतात. तुटल्याचे कळायला ४ ते ६ सेकंद, ती बातमी टीसीने पुढे जायला ५ पर्यंत, पुन्हा जुळायला ४. तुमचे दहा-पंधरा सेकंद इथेच गेले.

पहिला उपाय उंचीचा. पताकेच्या ३ मीटर बांबूला राउटर डोक्यांच्या वर बांधा आणि अँटेना उभीच ठेवा. एकाची उभी, दुसऱ्याची आडवी झाली तर तेवढ्यानेही सिग्नल पडतो. पॉवर बँक खाली झोळीत ठेवून वर बारीक तारेची ३ मीटर यूएसबी केबल नेऊ नका. राउटरने ०.६ अँपिअर ओढले की अशा केबलमध्येच पाऊण व्होल्ट खर्ची पडतो. वर जेमतेम सव्वाचार व्होल्ट पोचतात, राउटर मधेच रीस्टार्ट होतो, आणि राउटिंग बिघडले असे वाटत राहते. जाड तारेची केबल घ्या किंवा पॉवर बँकही वरच बांधा. १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३७ वॉट-तास. ५ व्होल्ट करताना होणारी घट वजा जाता हाती सुमारे ३० उरतात. ३ वॉटचा राउटर त्यावर दहा तास चालतो. आषाढवारी ऐन पावसाच्या तोंडावर असते; ढग गडगडू लागले की बांबू आडवा करा, तेव्हा जाळे बंद राहिले तरी चालेल.

दुसरा उपाय सेटिंगचा. हॅलो १ सेकंदावर, टीसी २ सेकंदांवर आणा. बारा नोडमध्ये याने हवेवर पडणारा भार नगण्य आहे. हिस्टेरेसिस बंद करा आणि 'लिंक क्वालिटी लेव्हल' २ ठेवा. मग लिंक 'आहे की नाही' एवढेच न बघता किती पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) पोचतात त्यावर मार्ग निवडला जातो आणि लिंक पूर्ण मरण्याआधीच वाहतूक दुसरीकडे वळते. हॅलोची मुदत मात्र ५ सेकंदांच्या खाली आणू नका, नाहीतर गर्दीत दर मिनिटाला मार्ग बदलत राहतील. 'एमपीआर कव्हरेज' ३ करा. एमपीआर म्हणजे आपला संदेश पुढे नेण्यासाठी नोडने निवडलेले मोजके शेजारी. मुळात ही युक्ती गर्दीच्या जाळ्यात पुनरुक्ती कमी करायची आहे. तुमच्यासारख्या एका रांगेच्या जाळ्यात तिचा फायदा शून्य, उलट एकावरच भिस्त राहते.

तिसरी गोष्ट कटू आहे, पण तीच मुळाशी आहे. दीड किलोमीटरवर बारा राउटर म्हणजे अकरा हॉप, दर दोघांत १३६ मीटर. गर्दीत भरवशाचा पल्ला १५० मीटर धरला तर प्रत्येकाला पुढचा एक आणि मागचा एक एवढेच ऐकू येतात. एक विझला की दिंडीचे दोन तुकडे. दुसरा मार्गच नसेल तर कुठलेही राउटिंग तो निर्माण करू शकत नाही. प्रत्येकाला पुढचे दोन आणि मागचे दोन ऐकू यायचे तर अंतर ७० मीटर हवे, म्हणजे २३ राउटर. गणितही पाहा : प्रत्येक हॉप १०० तली ९५ पॅकेट पोचवत असेल तर अकरा हॉपअंती ५७ उरतात. प्रत्येक हॉपवर हरवलेले पॅकेट एकदाच पुन्हा पाठवले तर ९७ पोचतात. म्हणून पावती प्रत्येक टप्प्यावर हवी, फक्त शेवटच्या टोकाची पुरत नाही. वाय-फाय एकास-एक पाठवलेल्या पॅकेटसाठी ही पावती घेते. सर्वांना एकदम पाठवलेल्या ब्रॉडकास्टसाठी घेत नाही. तुमचे निरोपाचे ॲप ब्रॉडकास्ट वापरत असेल तर ते बदला.

फक्त छोटे लिखित निरोपच पाठवायचे असतील तर वाय-फायऐवजी लोरा (कमी वेगाचे पण लांब पल्ल्याचे रेडिओ तंत्र) बरे पडेल. त्याबद्दल शेवटच्या उत्तरात आहे.

प्रश्न : आमच्या शेतात चार विहिरी आणि एक बोअर आहे. मोटारी घरून चालू-बंद करण्यासाठी आणि पाण्याची पातळी पाहण्यासाठी पाच ठिकाणी वाय-फाय नोड लावले. जानेवारीत लावले तेव्हा सगळे झकास होते. ऑगस्टपासून सर्वांत लांबची, १ किलोमीटरवरची विहीर दिवसातून दहादा तुटते. मधे एक नोड आहे, पण जाळे त्याच्यामार्फत न जाता थेटच जायचा हट्ट करते. नोड खराब झाला का?
(ऊस उत्पादक, औसा तालुका)

उत्तर : नोड ठीक आहे, ऊस वाढला आहे. सुरू उसाची लागण जानेवारी-फेब्रुवारीतली. तेव्हा मधे काळे रान होते. ऑगस्टमध्ये तिथे डोक्याच्या वर हिरवी, पावसाने भिजलेली भिंत उभी आहे.

समोरची अँटेना डोळ्याला दिसली म्हणजे लिंक मोकळी झाली असे नसते. सिग्नल दोन अँटेनांच्या मधे फुगीर, चिरुटासारख्या आकारात जातो. त्याला फ्रेनेल झोन म्हणतात. १ किलोमीटरवर २.४ गिगाहर्ट्झला या फुगवट्याची मधोमध त्रिज्या ५.६ मीटर येते आणि तिचा किमान ६० टक्के भाग, म्हणजे ३.४ मीटर, मोकळा लागतो. उसाचे ३ मीटर धरले तर दोन्ही अँटेना ६.४ मीटरवर हव्यात. बाजारात मिळणारा जीआय पाइप २० फुटी, म्हणजे ६.१ मीटर, त्यातला हातभर जमिनीत जातो. नुसता पाइप रोवून भागणार नाही. तो मोटारीच्या खोलीच्या छतावर कडीला बांधला की उंची आरामात मिळते. ५०० मीटरच्या लिंकला हीच मोकळीक २.४ मीटर पुरते, म्हणून मधला नोड वापरणे केव्हाही फायद्याचे.

आता हट्टाचे कारण. तुमचे जाळे हॉप मोजते आहे. थेट गेले तर एक हॉप, मधल्याकडून गेले तर दोन. एक लहान, म्हणून थेट. अशा हिशेबात सर्वांत लांबची, म्हणजेच सर्वांत कच्ची लिंक पहिली निवडली जाते. त्याऐवजी ईटीएक्स, म्हणजे एक पॅकेट पोचवायला सरासरी किती वेळा पाठवावे लागेल तो आकडा, मोजणारे राउटिंग लावा. ही पद्धत २००३ मध्ये मांडली गेली आणि तिचा हिशेब कुणालाही कागदावर करता येतो. समजा थेट लिंकवर जाताना १०० तली ५० पॅकेट पोचतात आणि येताना ६०. पॅकेट आणि त्याची पावती, दोन्ही सुखरूप येण्याची शक्यता ०.५ गुणिले ०.६, म्हणजे ०.३. १ भागिले ०.३ म्हणजे ३.३ : एक पॅकेट पोचवायला सरासरी ३.३ वेळा पाठवावे लागेल. मधल्या नोडच्या दोन्ही लिंक दोन्ही दिशांनी ९५ टक्के असतील तर प्रत्येकीचे १.१, दोन मिळून २.२. लांबून गेलेला मार्गच स्वस्त पडतो. बॅबेल नावाच्या राउटिंगमध्ये किंवा ओएलएसआरच्या लिंक क्वालिटी प्रकारात हा हिशेब आपोआप होतो.

अँटेनाच्या जोडावर पावसाचे पाणी गेले तरी लक्षणे हीच दिसतात. जोडावर रबरी, स्वतःत चिकटणारी टेप गुंडाळा आणि केबल खोक्यात शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथून टपकते. पाइपला अर्थिंग करा. मराठवाड्यात मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात विजा जास्त, आणि तुमचा पाइप त्या शिवारातली सर्वांत उंच धातूची वस्तू असेल.

प्रश्न : मी अंतिम वर्षाला आहे. प्रकल्प 'मॅनेटमधील विश्वासार्ह राउटिंग'. एनएस-३ या सिम्युलेटरवर ५० नोड, एओडीव्ही (गरज पडेल तेव्हाच मार्ग शोधणारे राउटिंग), रँडम वेपॉइंट (प्रत्येक नोड कुठलेही ठिकाण आणि कुठलाही वेग निवडून तिकडे जातो), वेग ० ते २० मीटर प्रति सेकंद. पॅकेट पोचण्याचे प्रमाण ९८ टक्के आले. मग सहा लॅपटॉप घेऊन इमारतीत आणि गच्चीवर तेच करून पाहिले तर ६० टक्केही नाही. राउटिंग टेबलमध्ये मार्ग दिसतो, शेजाऱ्याचे हॅलो येतात, तरी डेटा जात नाही. कोड चुकला का?
(अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : कोड चुकला नसावा. हॅलो येतात पण डेटा जात नाही, हे निरीक्षण तुमच्या प्रकल्पातले सर्वांत मोलाचे आहे, ते अहवालात आधी लिहा. याला 'ग्रे झोन' म्हणतात. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ मध्ये ते नीट मोजून दाखवले.

हॅलो हे ब्रॉडकास्ट असते. वाय-फाय ब्रॉडकास्ट सर्वांना ऐकू जावे म्हणून सर्वांत संथ दराने पाठवते, २.४ गिगाहर्ट्झवर बहुधा १ एमबीपीएस. शिवाय हॅलो चिमुकला असतो. डेटा मात्र ११ किंवा ५४ एमबीपीएसने जातो आणि पॅकेट १,००० ते १,५०० बाइटचे असते. संथ आणि छोटे लांबवर पोचते, जलद आणि मोठे पोचत नाही. म्हणजे जिथवर हॅलो ऐकू येतो आणि जिथवर डेटा जातो ही दोन वेगळी वर्तुळे आहेत. मधल्या पट्ट्यातल्या शेजाऱ्याला एओडीव्ही 'शेजारी' समजते, आणि हॉप कमी पडावेत म्हणून नेमके त्यालाच निवडते. सिम्युलेटरमध्ये साधे अंतरावर आधारलेले मॉडेल असेल तर पल्ल्याची कड चाकूने कापल्यासारखी असते, त्यामुळे तिथे हा पट्टा जवळजवळ दिसतच नाही.

करून पाहण्यासारखे तीन उपाय. ब्रॉडकास्टचा दर वाढवा : ६ किंवा १२ एमबीपीएस केला की हॅलोचे वर्तुळ आक्रसून डेटाच्या वर्तुळाजवळ येते. हा सर्वांत सोपा उपाय. सलग तीन हॅलो आल्याशिवाय शेजारी मान्य करू नका. आणि सिग्नलची एक किमान पातळी ठेवा, तिच्याखालचे हॅलो टाकून द्या; पातळी प्रत्येक कार्डावर मोजूनच ठरवावी लागते.

दुसरी बाब मार्ग तुटल्याचे कसे कळते ही. एओडीव्हीच्या आरएफसी ३५६१ मध्ये हॅलो दर १ सेकंदाने असतो आणि दोन चुकले की लिंक तुटली असे धरतात. त्याऐवजी वाय-फाय कार्डाची खबर घेता येते : कार्ड छोटी फ्रेम साधारण सात वेळा पाठवून पाहते, मग हार मानते, आणि हे सगळे काही मिलिसेकंदांत होते. म्हणून बरेच जण ही खबर आली की लगेच लिंक तोडतात. इथे एक सापळा आहे. गर्दीच्या चॅनेलवर सात प्रयत्न फसायला शेजारी जायलाच हवा असे नाही, टकरींमुळेही ते फसतात. मग शेजारी जागेवर असताना मार्ग बाद, 'रूट एरर' मागे जाते, उगमस्थान 'रूट रिक्वेस्ट'चा, म्हणजे नवा मार्ग विचारणाऱ्या संदेशांचा, पूर सोडते, त्या पुराने टकरी वाढतात आणि आणखी मार्ग बाद होतात. डेटाचा वेग वाढवला की पोचण्याचे प्रमाण अचानक कोसळते ते यामुळे. एका फसलेल्या पॅकेटवर निर्णय न घेता सलग दोन-तीन फसल्यावर घ्या. मार्ग बदलायला थोडा उशीर होतो, पण पूर आटोक्यात राहतो.

लॅपटॉपच्या जाळ्यात आणखी एक गोष्ट तपासा. 'रूट रिक्वेस्ट' जाते पण 'रूट रिप्लाय' परत येत नाही, असे होते का? वेगवेगळ्या कार्डांची ताकद वेगळी असते, त्यामुळे लिंक एकाच दिशेने चालते. रिप्लाय हरवला तर उगमस्थान २.८ सेकंद थांबते आणि पुन्हा तोच पूर, तोच एकदिशी मार्ग. यावर आरएफसीतच उपाय आहे : रिप्लायची पावती मागायची आणि ती न देणारा शेजारी ५.६ सेकंद काळ्या यादीत टाकायचा. बऱ्याच अंमलबजावण्यांत हा भाग अर्धवट असतो किंवा बंद असतो, तेव्हा तुमच्याकडे चालू आहे का ते बघा.

आता सिम्युलेशनबद्दल स्पष्ट बोलतो. ० पासून सुरू होणारा वेग घेऊ नका. ज्या नोडच्या वाट्याला ०.१ मीटर प्रति सेकंद आला तो ५०० मीटर जायला ५,००० सेकंद घेतो; २० वाला २५ सेकंदांत पोचून नवा वेग उचलतो. हळूहळू बहुतेक नोड मंद वेगात अडकतात आणि तुमचे 'वेगवान' जाळे जवळजवळ थांबते. ही चूक २००३ मध्येच दाखवली गेली, तरी प्रकल्पांमध्ये ती अजून दिसते. किमान वेग १ ठेवा, किंवा एनएस-३ मधले 'स्टेडी-स्टेट रँडम वेपॉइंट' वापरा. दुसरे म्हणजे या मॉडेलमध्ये नोड मैदानाच्या मध्यभागी दाटतात, त्यामुळे हॉप कमी पडतात आणि निकाल उगाच चांगला दिसतो. सिग्नलसाठी नाकागामीसारखे चढउताराचे मॉडेल जोडा. एकाच सीडवर, म्हणजे यदृच्छ आकड्यांच्या एकाच सुरुवातीवर, काढलेला आकडा देऊ नका. निदान ३० सीड चालवा आणि सरासरीसोबत विश्वासांतर द्या.

ईटीएक्सने सगळे सुटेल असेही समजू नका. मूळ ईटीएक्स दर सेकंदाला एक चाचणी पॅकेट पाठवते आणि १० सेकंदांच्या खिडकीत मोजते. जागेवरच्या नोडला हे उत्तम. पण नोड धावत असेल तर दहा सेकंदांपूर्वीच्या लिंकचा हिशेब आजच्या लिंकला लागू पडत नाही. २००४ मधल्या एका तुलनेत एक नोड हलता ठेवल्यावर साध्या हॉप मोजणीनेच ईटीएक्सला मागे टाकले. वरच्या दोन पत्रांत ईटीएक्स चालते, कारण उसातले नोड स्थिर आहेत आणि दिंडीतले नोड एकमेकांच्या मानाने जवळजवळ स्थिर. तुमच्या २० मीटर प्रति सेकंदाला ते चालणार नाही. खिडकी २-३ सेकंदांवर आणून फरक मोजा, तो अहवालात शोभेल.

पोचण्याच्या प्रमाणासोबत उशीर आणि राउटिंगचा भार, म्हणजे पोचलेल्या एका डेटा पॅकेटमागे किती नियंत्रण पॅकेट गेली, हेही द्याच. मार्ग सापडेपर्यंत रांगेत पडलेली आणि मुदत संपून टाकलेली पॅकेट 'पाठवलेली' धरली का, तेही लिहा. ती वगळली की कुठलीही पद्धत विश्वासार्ह दिसते.

प्रश्न : बॅटमॅन-ॲडव्ह हे राउटिंग वापरून एका मंगल कार्यालयात आठ नोडचे मेश, म्हणजे असेच एकमेकांतून जाणारे जाळे, बसवले. पिंग लगेच येते, पण मोठी फाइल रखडते, आणि कधी कधी मार्ग विचित्र वाटेने जातो.
(नेटवर्क तंत्रज्ञ, जालना)

उत्तर : दोन गोष्टी बघा. बॅटमॅन प्रत्येक पॅकेटला स्वतःचे शीर्षक जोडते, त्यामुळे खालच्या वाय-फाय इंटरफेसचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, १,५०० बाइट नसून १,५३२ हवा. तो १,५०० च राहिला तर पूर्ण आकाराच्या प्रत्येक पॅकेटचे दोन तुकडे होतात आणि एक हरवला तरी दोन्ही वाया जातात. पिंग छोटे असल्याने त्याला काहीच होत नाही. दुसरे, खाली ८०२.११एस, म्हणजे वाय-फायचे स्वतःचे मेश, असेल तर त्याचे स्वतःचे फॉरवर्डिंग, 'मेश एफडब्ल्यूडिंग', ० करा. ते चालू राहिले तर एकाच जाळ्यात दोन राउटिंग एकमेकांना न विचारता मार्ग ठरवतात. विचित्र वाट त्यातूनच येते. हे दोन्ही केल्यावरही वेग कमी वाटला तर नोडला एकच रेडिओ आहे का ते पाहा. एकाच चॅनेलवर ऐकणे आणि पुढे पाठवणे, दोन्ही एकाच वेळी होत नाही. दुसऱ्या हॉपला वेग निम्मा होतो आणि लांब साखळीत तो सातव्या हिश्श्याइतका खाली आलेला मोजलेला आहे.

प्रश्न : आमचे गाव किल्लारीच्या परिसरात आहे. पुन्हा तसे काही घडले आणि टॉवर बंद पडले, तर गावातले मोबाईल एकमेकांशी थेट जाळे करू शकतील का? काही मुले मेशटॅस्टिकचे लोरा संच आणा म्हणतात. चाळीसेक संच घेतले तर पाच गावे जोडली जातील का?
(शिक्षक, लातूर जिल्हा)

उत्तर : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तिथे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा देशात मोबाईल सेवाच नव्हती. आज ती आहे, पण टॉवरची वीज आणि त्याला जोडणारी फायबर या दोन्हींवर ती उभी आहे, म्हणून तुमचा प्रश्न रास्त आहे.

मोबाईलवर भिस्त ठेवू नका. अँड्रॉइड साध्या ॲपला वाय-फायचा ॲड हॉक प्रकार वापरू देत नाही. ब्लूटूथवर चालणारी ॲप हॉप करतात, पण एक उडी काही दहा मीटरची. दोन वाड्यांमध्ये शेत आले की संपले.

लोरा तुमच्या कामाचे आहे. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो, म्हणून संच घेताना ८६८ चा घ्या आणि पहिल्यांदा चालू करताच प्रदेश 'इंडिया' निवडा. ४३३ किंवा ९१५ ची अँटेना बसवली तर पल्ला पडतो. अँटेना न लावता संच चालू करू नका, पाठवणारा भाग जळू शकतो.

मेशटॅस्टिक हे लोरा संचांतले सॉफ्टवेअर मार्गांचा तक्ता फारसा करत नाही. निरोप सगळीकडे पसरवते, पण शिस्तीने. ज्याला निरोप सर्वांत क्षीण ऐकू आला तो बहुधा सर्वांत लांब असतो, म्हणून तो आधी पुढे पाठवतो; ते ऐकून जवळचे गप्प बसतात. निरोप किती उड्या घेईल त्याची मर्यादा मुळात ३ असते आणि ७ पर्यंत वाढवता येते. ती वाढवायचा मोह टाळा. आधी उंची वाढवा.

चाळीस संचांचा हिशेब असा. नेहमीच्या 'लाँगफास्ट' सेटिंगवर ५० बाइटचा निरोप हवेत सुमारे ०.६ सेकंद घेतो. चाळीस जणांनी दर मिनिटाला आपले ठिकाण पाठवले आणि प्रत्येक निरोप तिघांनी पुढे नेला, तर एका मिनिटात ४० गुणिले ४ गुणिले ०.६, म्हणजे ९६ सेकंदांची बडबड होते. मिनिटात सेकंद साठच. जाळे तिथेच गुदमरते, आणि नेमका 'इथे माणूस अडकला आहे' हा निरोप हरवतो. तेच ठिकाण दर १५ मिनिटांनी पाठवले तर चॅनेल सुमारे ११ टक्के भरतो. संचाच्या पडद्यावर चॅनेलचा वापर टक्क्यांत दिसतो. तो २५ च्या आत ठेवा. जागेवरच्या संचांचे ठिकाण पाठवणे सरळ बंद करा, शाळा कुठे आहे ते सगळ्यांना माहीत असते.

म्हणून चाळीस संच नकोत. प्रत्येक गावात सर्वांत उंच जागी, पाण्याच्या टाकीवर किंवा टेकाडावर, एकेक संच 'राउटर' भूमिकेत, असे पाच. बाकी गावात दोन-तीन, सगळे साध्या 'क्लायंट' भूमिकेत. एकाच गावात चार राउटर ठेवले तर ते शिस्तीत थांबत नाहीत, एकाच वेळी बोलतात आणि एकमेकांचे निरोप मोडतात. दोन गावांत ५ किलोमीटर असतील तर या पट्ट्यातही मधोमध साडेबारा मीटर मोकळीक लागते, त्यामुळे घराच्या गच्चीपेक्षा टाकी बरी. पण भूकंपात टाकीही पडू शकते. तेव्हा प्रत्येक गावाच्या राउटरला निदान दुसऱ्या दोन गावांचे राउटर थेट ऐकू येतील अशी जागा निवडा. एक गेला तरी फेऱ्याने निरोप जातो. हे कागदावर न ठरवता एकेक राउटर बंद करून पाहा. पाचपैकी कुठलाही एक बंद असताना उरलेली चार गावे एकमेकांना निरोप पाठवू शकली आणि पाठवणाऱ्याला पोच मिळाली, तरच मांडणी बरोबर. टाकीवरच्या संचाला ६ वॉटचे सौर पॅनेल आणि '१८६५०' या आकाराच्या दोन लिथियम सेल पुरतात. पावसाळ्याआधी पॅनेलवरची धूळ पुसा आणि अँटेनाचा जोड हाताने घट्ट आहे का ते पाहा.